पाचवी पट्टी

त्या दिवसांत कुलूपवाल्याच्या घरात स्वयंपाकघरातून गॅलरीत जायचं म्हणजे नऊ आगगाड्यांच्या कडेकडेने जावं लागे. गाड्या पुठ्ठ्याच्या होत्या. प्रत्येक पट्टी हातभर लांब, चार बोटं रुंद, तिच्या डाव्या टोकाला एका गावाचं नाव आणि उजव्या टोकाला दुसऱ्याचं. पहिलीच्या शेवटी जे गाव, तेच दुसरीच्या सुरुवातीला, आणि अशा नऊ पट्ट्या एकीला एक लावून जमिनीवर मांडलेल्या. पहिली ओट्यापाशी सुरू होई आणि नववी गॅलरीच्या उंबऱ्याला टेके. त्या शेवटच्या टोकाला समुद्रकाठचं एक शहर होतं आणि तिथे त्यांची लेक राहत होती. थोडक्यात, जेवणाचं टेबल आणि पलंग यांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेवर अख्खा खंड पसरलेला होता, आणि त्याच्यावर पाय द्यायचा नाही असा घरधनिणीचा हुकूम होता.

"अहो, बघून. सहाव्या गाडीवर पाय पडतोय."

"माझ्या दोन्ही हातांत चहाचे कप आहेत. खंड जरा सरकवता येईल का?"

"खंड नाही सरकत. तुम्ही सरका."

कुलूपवाला सरकला. लग्नाला छत्तीस वर्षं झाल्यावर माणसाला एवढं कळतं.

घरधनिणीला सगळे पाटीताई म्हणत. तिने तेहेतीस वर्षं रेल्वेच्या डबे दुरुस्त करायच्या कारखान्यात पाट्या रंगवल्या. डब्याच्या अंगाला लावतात त्या लाकडी पाट्या, गाडी कुठून निघाली आणि कुठे चालली हे सांगणाऱ्या. विसाव्या वर्षी ती तिथे लागली तेव्हा सात रंगाऱ्यांत ती एकटीच बाई होती, आणि बाईमाणूस शिडीवर चढून पाट्या रंगवणार म्हणून बघायला शेजारच्या खात्यातले लोक काम सोडून आले होते. त्यांच्या उस्तादाने तिला वर्षभर अक्षराला हात लावू दिला नाही. नुसत्या रेघा. उभी रेघ काढायची ती श्वास रोखून, आणि रेघ संपेपर्यंत श्वास सोडायचा नाही. श्वास सुटला की रेघ हलते, आणि हललेली रेघ उस्ताद ओल्या फडक्याने पुसून टाके व काही न बोलता निघून जाई. तिला शिव्या परवडल्या असत्या. ते न बोलणं फार लागायचं.

पुढे ती अशी तयार झाली की तिच्या हाताखालून गेलेली पाटी उस्तादही लांब उभा राहून बघत बसे. पण या कामाने तिला एक खोड लावली. तिच्या लेखी शहरांना नावं उरली नाहीत, मापं उरली. चार अक्षरी, सात अक्षरी, अकरा अक्षरी. बातम्यांत कुठल्या शहराला पूर आला की लोक हळहळत, आणि हिच्या तोंडून निघे, "अगबाई, ते होय? नऊ अक्षरी. शेवटचं अक्षर किनारीला चिकटतं, काही केल्या मोकळं बसत नाही." अर्ध्या खंडातल्या शहरांशी तिची अशी घसट होती, आणि त्यांतलं एकही तिने पाहिलेलं नव्हतं. दरवर्षी रेल्वेचा पास मिळे, दरवर्षी तो कपाटात राही. कधी लेकीच्या परीक्षा, कधी सासूबाईंचं आजारपण, आणि उरलेल्या वेळी नवऱ्याचं दुकान. गावातल्या निम्म्या लोकांच्या किल्ल्या हरवतात आणि त्या नेमक्या आपण सुट्टीवर जायच्या आदल्या दिवशी हरवतात, असा कुलूपवाल्याचा अनुभव होता.

आठ वर्षांपूर्वी कारखान्यात छापील चिकटपट्ट्यांचं यंत्र आलं. महिनाभरात पाट्यांचं खातं बंद झालं, हिला हार घालून घरी पाठवलं, आणि वर्षभरात तिच्या हातच्या सगळ्या पाट्या डब्यांवरून उतरल्या. स्टेशनवर गेली की ती अजून सवयीने डब्यांच्या अंगाकडे बघे आणि मान फिरवी. तिला त्याचं वाईट वाटे. ते ती कुणाला सांगत नसे, पण ब्रश मात्र दर महिन्याला काढून, तेलात भिजवून, पुसून पुन्हा गुंडाळून ठेवत असे.

अशातच लेकीने सायकल दुरुस्तीचं दुकान काढायचं ठरवलं. जागा मिळाली, हत्यारं आली, आणि एक दिवस तिचा फोन आला.

"आई, एक तारखेला दुकान उघडतेय. पाटी मी करून घेतलीय. सात फुटी, लाकडी. पण तिच्यावर काही लिहिलेलं नाही."

"मग लिहून घे ना."

"लिहिणारी खंडाच्या त्या टोकाला राहते."

लेकीने पुढचं नीट सांगितलं. तिथला नियम असा की पाटी लावल्याशिवाय दुकान उघडता येत नाही. म्हणजे एक तारखेला पाटीवर नाव हवंच. आई आली तर आईच्या हातचं, नाहीतर नाइलाजाने छापील. छापील तासाभरात मिळतं.

ते शेवटचं वाक्य लेकीने मुद्दाम टाकलं होतं की सहज, कोण जाणे. पण पाटीताईच्या जिव्हारी लागलं. खंडात आपल्या हातची एक तरी पाटी असावी, आणि ती पोटच्या पोरीच्या दुकानावर असावी, एवढंच आता तिला हवं होतं. हात अजून थरथरत नव्हता. पण एकसष्टावं चालू होतं, आणि हाताचा भरवसा माणूस किती धरणार.

दोन वर्षांपूर्वी तिच्या कानाची शस्त्रक्रिया झाली होती आणि डॉक्टरांनी विमान कायमचं बंद केलं होतं. त्यामुळे जायचं तर रुळावरूनच. नऊ गाड्या, दहा दिवस. कुलूपवाल्याने हे ऐकलं आणि तो म्हणाला, "आणि घराकडे कोण बघणार?"

"गावभर कुलपं विकता आणि स्वतःच्या कुलपावर विश्वास नाही?"

"म्हणूनच नाही. मला माहितेय ती कशी उघडतात."

पण तोही तयार झाला. तक्रार करत करत तयार होणं ही त्याची रीत होती.

बेत आखायला पाटीताईने नकाशा घेतला नाही. तिला नकाशाची गरजच काय? कुठली गाडी कुठून कुठे जाते हे तिच्या मनगटात होतं. जुन्या फायलींचे पुठ्ठे कापून तिने आठवणीने नऊ पट्ट्या लिहिल्या, काळी अक्षरं, लाल किनार, आणि जमिनीवर जुळवल्या. कुठल्याही दोन पट्ट्यांत फट नव्हती. एकोणीस तारखेला निघायचं, एकोणतीसला पोहोचायचं, मग पांढऱ्या रंगाचा हात, आखणी आणि अक्षरं यांना महिनाअखेरपर्यंत पुरेसा वेळ. पहिल्या चार गाड्यांची तिकिटंही काढून झाली. पलीकडच्या विभागाची तिकिटं पंधरा दिवसच आधी मिळत, म्हणून उरलेल्या पाच गाड्यांसाठी ती बारा तारखेला, सोमवारी, पुन्हा स्टेशनवर गेली.

सहा नंबरच्या खिडकीवर एक तरुण मुलगी बसायची. ती शांत होती आणि बटणं दाबताना ओठ मुडपायची. तिने सहावी, सातवी, आठवी, नववी अशा चारही गाड्या काढून दिल्या. पाचवीपाशी घोडं अडलं. तिने दोनदा बटणं दाबली, मग उठून मागच्या साहेबांना विचारून आली.

"मावशी, या दोन स्टेशनांच्या मध्ये गाडी नाहीये."

"त्या दिवशी नसेल. दुसऱ्या दिवसाची बघ."

"कुठल्याच दिवशी नाही. रूळ आहेत, पण त्यांच्यावरून खाणीचा दगड जातो. माणसांची गाडी तिथे कधी नव्हतीच."

"अगं, कधी नव्हती कशी? तिच्या पाट्या मी रंगवल्यात. चौदा. चार अक्षरी गाव ते अकरा अक्षरी शहर."

"मावशी, पाट्या असतील," ती हळूच म्हणाली. "गाडी नाही."

ही चूक पाट्या रंगवणाऱ्यालाच होऊ शकते. कारखान्याची रीतच तशी होती. गाडी सुरू व्हायच्या तीन-चार महिने आधी पाट्यांचा हुकूम येई. रंगाऱ्यांनी पाट्या रंगवायच्या, वाळवायच्या, पाठवून द्यायच्या, आणि पुढच्या हुकमाला लागायचं. उस्ताद म्हणत, "पाटी वाळली की गाडी सुटली समजा." तेहेतीस वर्षं ती तेच समजत आली. तिच्यासाठी पाटी हाच गाडीचा पुरावा होता. तीस वर्षांपूर्वी कुणीतरी वरच्या कचेरीत ती गाडी रद्द केली, पण ते रंगाऱ्यांना कोण सांगतो?

मुलीने वळसा घालून जायचा मार्गही शोधून दिला. उत्तरेकडून, सहा दिवस जास्त, आणि त्या गाड्यांत बावीस तारखेच्या आधी जागा नाही. म्हणजे पोहोचणार पुढच्या महिन्याच्या सात तारखेला. तोवर छापील पाटी लागून आठवडा झालेला असणार. पाटीताईने चार तिकिटं पर्समध्ये टाकली आणि रांगेतून बाहेर आली.

घरी येऊन तिने पाचवी पट्टी उचलली, टेबलावर पालथी टाकली आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली. कुलूपवाला दुकानातून आला. जमिनीवर चौथी आणि सहावी यांच्या मध्ये हातभर जागा रिकामी होती. इतके दिवस तो जिथे एका पायावर तोल सावरत होता, तिथून आज सरळ चालत गेला, आणि त्याला ते मुळीच आवडलं नाही.

"काय झालं?"

तिने भिंतीलाच सगळं सांगितलं. "तीस वर्षं अहो. ती माझी सगळ्यात लाडकी पाटी होती. अकरा अक्षरं, त्यांच्यावरची रेघ दोन श्वासांत मावत नव्हती. मी रोज मनात ती गाडी धावताना बघायची. माळावरून चाललीय, ऊन कलतंय, आणि डब्याला माझी पाटी. आणि गाडीच नाही. मूर्ख बाई मी."

तेवढ्यात फोन वाजला. लेक होती.

"आई झोपलीय," तो म्हणाला.

"संध्याकाळी साडेपाचला? बाबा, तुम्हाला खोटं बोलता येत नाही. काय झालंय?"

त्याने थोडक्यात सांगितलं. पलीकडून लेक म्हणाली, "नाही जमलं तर नाही. मी छापील लावीन. तिला वाईट वाटू देऊ नका."

त्याने फोन ठेवला. पलंगावरची पाठ हलली नाही, पण तिने सगळं ऐकलं होतं हे त्याला पाठीवरून कळलं. तो टेबलाशी बसला, पालथी पट्टी सुलटी केली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. कुलूपवाल्याचं डोकं एकाच दिशेने चालतं, पण चालतं पक्कं.

"मला एक सांग," तो म्हणाला. "चौदा पाट्या केल्यास ना?"

"केल्या. आता मोजू नका."

"मग त्या गेल्या कुठे?"

ती वळली.

"माझ्याकडे कुणी नुसतं कुलूप घेऊन आलं, किल्ली नाही, दार नाही, तर मी काय समजतो? की कुठेतरी एक दार आहे. माणूस उगाच कुलूप बनवत नाही. तुझ्या चौदा पाट्या हवेत विरल्या नाहीत. त्या कुठेतरी लागलेल्या असणार."

आता यात तथ्य किती आणि नुसता धीर किती, हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. सुतावरून स्वर्ग गाठायचा तो प्रकार होता. पण पाटीताई उठून बसली, आणि त्याच्या दृष्टीने तेवढं पुष्कळ होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं कारखान्यात गेली. पाट्यांच्या खात्यात आता टायरच्या थप्प्या होत्या. स्टोअरवाला मात्र तोच होता, तिच्यानंतर दोन वर्षांनी लागलेला. त्याने आयुष्यात एकही कागद टाकला नव्हता. त्यावरून त्याच्या बायकोने घरी पुष्कळ ऐकवलं होतं. त्याने शिडी लावली, तीन वह्या झटकल्या, चौथी उघडली आणि बोट ठेवलं.

"हे बघा ताई. चौदा नग, चार अक्षरी गावाला रवाना. परतीचा रकाना कोरा."

"म्हणजे?"

"म्हणजे परत आल्या नाहीत. आल्या असत्या तर मीच तुमच्याकडे घासून दुसरं गाव लिहायला आणल्या असत्या. फळी आपण कधी वाया घालवली नाही."

कुलूपवाल्याने बायकोकडे पाहिलं आणि खाकरला. बढाई मारायची असली की तो आधी खाकरत असे. तिने डोळ्यांनीच त्याला दाबलं.

स्टोअरमध्ये रेल्वेचा आतला फोन होता, त्यावरून कुठलंही स्टेशन लागे. चौथ्या खटपटीला चार अक्षरी गावचे स्टेशनमास्तर मिळाले. आवाज जड आणि फुरसतीचा होता. दिवसाकाठी येणारी एक गाडी घेणाऱ्या आणि दोन मालगाड्या सोडणाऱ्या माणसाला फोन आला की त्याला तो लवकर संपवावासा वाटत नाही.

"इथून पुढे माणसांची गाडी? नाही हो. माझ्या आधीच्या मास्तरांच्या वेळी येणार येणार म्हणत होते. खरं तर बाजारात तुरीच. गाडी काही आली नाही."

"आणि पाट्या?"

"कसल्या पाट्या? आमच्याकडे पाट्याच नाहीत. स्टेशनचं नावसुद्धा उडालंय, दोन अक्षरं राहिलीत."

पाटीताईने डोळे मिटले. मग तिने सहज विचारावं तसं विचारलं, "तुमच्या फलाटावर काही लाकडी सामान आहे का? तीसेक वर्षांपूर्वीचं?"

"लाकडी म्हणजे, पाण्याच्या टाकीचं झाकण आहे. शाळेने काही फळ्या नेल्या होत्या म्हणतात. आणि माझा बाक. चांगला दणकट आहे. बावीस वर्षं बसतोय त्याच्यावर."

"बाकाच्या फळ्या किती लांब?"

"असतील चार फूट."

"दोन्ही टोकांना दोन-दोन भोकं आहेत? पितळी कडीची?"

"आहेत," मास्तर म्हणाले. "तुम्हाला कसं माहीत?"

"साहेब, तो बाक जरा उलटा करून बघता का?"

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग लांबून काहीतरी फरशीवर ओढल्याचा, मग काहीच नाही. स्टोअरवाला, कुलूपवाला आणि पाटीताई तिघंही फोनच्या त्या काळ्या तुकड्यावर वाकून उभी राहिली. मास्तरांना यायला बराच वेळ लागला. आले तेव्हा आवाज बदललेला होता.

"बाई, हे तुम्ही लिहिलंय?"

"हो."

"काल रंगवल्यासारखं आहे. लाल किनार आहे. आमच्या गावाचं नाव इतकं देखणं लिहिलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. आणि मी बावीस वर्षं त्याच्यावर बसतोय."

पाटीताईला रडू येत होतं आणि हसूही. स्टोअरवाल्याने तिला स्टूल दिलं. फोन कुलूपवाल्याने घेतला, आणि कधी नव्हे ते एका दमात सगळं सांगितलं. लेक, दुकान, सात फुटी पाटी, एक तारीख, बायकोचा कान.

मास्तर ऐकत राहिले. मग म्हणाले, "गाडी नाही हे खरं. पण डबा आहे."

दर गुरुवारी दुपारी दगडांच्या वाघिणींच्या, म्हणजे उघड्या मालडब्यांच्या, शेपटाला एक डबा लावत. रुळांवर काम करणारे लोक, त्यांची बायकापोरं आणि आठवड्याला येणारी डॉक्टरीण त्यातून जात. शुक्रवारी सकाळी तो अकरा अक्षरी शहराला पोहोचे. तिकीट नव्हतंच, म्हणून खिडकीवरच्या मुलीला तो दिसला नाही. मात्र तो फक्त रेल्वेच्या माणसासाठी आणि त्याच्या कुटुंबासाठी होता.

"ही तेहेतीस वर्षं रेल्वेचीच आहे," कुलूपवाला म्हणाला. "आणि मी तिचं कुटुंब."

"मग या. ओळखपत्र नको. ब्रश आणा."

"ब्रश?"

"पुढच्या बुधवारी संध्याकाळी पोहोचलात तर गुरुवारची सकाळ मोकळी आहे. आमच्या स्टेशनचं नाव लिहून द्या. आणि बाईंना सांगा, बाकाची एक फळी मी आजच सोडवतो. गुरुवारी ती डब्याला लागेल."

बाहेर पडताना कुलूपवाला बराच वेळ हसत होता. "लोक मला विचारायचे, कुटुंब कसं आहे? आज मीच कुटुंब झालो."

"नीट वागा मग," पाटीताई म्हणाली. तिचा चेहरा इतका फुलला होता की फाटकावरच्या पहारेकऱ्याने काही कारण नसताना तिला सलाम ठोकला.

गुरुवारचा डबा गाठायचा तर एकोणीसऐवजी सतरालाच निघायला हवं होतं. सहा नंबरच्या मुलीने ओठ मुडपून पहिली चार तिकिटं दोन दिवस आणि उरलेली चार एक दिवस अलीकडे घेतली. दोन ठिकाणी वरचे बर्थ मिळाले, तेव्हा कुलूपवाल्याने आपल्या गुडघ्यांचं नाव घेतलं, आणि तिने हसत हसत एक बदलून दिला. आता ती दोघं अठ्ठावीसला पोहोचणार होती, आधीच्या बेताहून एक दिवस लवकर. मुलीने तिकिटं देताना विचारलं, "आणि पाचवी गाडी?"

पाटीताईने पर्समधून पुठ्ठ्याची पट्टी काढून काचेला लावून दाखवली. मुलीने ती वाचली आणि मागच्या साहेबांना बोलावून त्यांनाही दाखवली.

चार दिवस घरात नुसती धांदल होती. कुलूपवाल्याने दुकानावर सूचना लावली, की महिनाभर मुक्काम गावाबाहेर, कृपया किल्ल्या सांभाळा. ती सूचनाही पाटीताईनेच लिहिली, आणि ती इतकी सुंदर उतरली की लोक थांबून वाचू लागले, आणि दोघांनी त्याच दिवशी जादा किल्ल्या करून घेतल्या. पिशव्या भरताना कपड्यांवरून वाद झाला नाही. वाद झाला तो रंगाच्या डब्यांवरून. काळा एक, लाल एक, पांढरे दोन.

"तिकडे रंग मिळत नाही का?"

"मिळतो. पण त्याच्याशी माझी ओळख नाही."

शेवटी कुलूपवाल्याने आपली हत्यारांची पेटी काढून ठेवली आणि त्या जागी रंग बसवले. हा त्याग लहान नव्हता, आणि पुढचे दोन दिवस त्याने तो कुणाला विसरू दिला नाही.

निघायच्या दिवशी सकाळी तिने लेकीला फोन केला. पट्ट्या अजून जमिनीवरच होत्या. पाचवी आपल्या जागी परत गेली होती.

"ऐक. पाटीला आजच पांढरा पहिला हात देऊन ठेव. मी येईपर्यंत खडखडीत वाळायला हवी."

"दिलाय आई. कधीच वाळलीय. दुकानावर लावून टाकलीय."

"कोरी?"

"कोरी. येणारे-जाणारे विचारतात, हे काय दुकान आहे, पाटीवर काही नाही. मी सांगते, लिहिणारी निघालीय."

"कधीपासून सांगतेस असं?"

"झाले की दीड-दोन महिने."

"दोन महिने? तेव्हा मी हो तरी म्हटलं होतं का? तेव्हा तर तू मला विचारलंही नव्हतंस."

"तुला नव्हतं विचारलं. बाबांना विचारलं होतं." लेक हसली. "मी म्हटलं, आई इतक्या लांब येईल का? ते म्हणाले, तू पाटी करून घे. तिला मी आणतो. फक्त मी म्हणालो म्हणून सांगू नकोस."

पाटीताईने फोन ठेवला. कुलूपवाला गॅलरीच्या दाराशी पाठमोरा उभा होता आणि लावलेलं कुलूप तिसऱ्यांदा ओढून बघत होता. मग तो वळला, दोन्ही हातांत दोन पिशव्या घेऊन खोलीतून येऊ लागला. त्याची नजर पिशव्यांवर होती. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"अहो," ती म्हणाली.

"काय?"

तिला पुष्कळ सांगायचं होतं.

"बघून या. पाचव्या गाडीवर पाय पडतोय."

तो सरकला.